पेशी जगतात, प्रकल्प मरतात

‘प्रयोगशाळेत घडले मानवी आतडे’, ‘औषधचाचण्यांतून प्राण्यांची सुटका’ अशा थाटाचे मथळे गेली काही वर्षे राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये नित्याचे झाले आहेत. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांसंबंधीच्या २०१९च्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून तर त्यांना अधिकच जोर चढला. या दुरुस्तीने प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीला मानवी पेशींवर आधारलेल्या पद्धतींना, चिपवरील अवयवांना आणि संगणकीय प्रारूपांना मान्यता दिली. दुरुस्ती योग्यच होती. मात्र तिचा अर्थ लावताना मोठी गल्लत झाली. नियमाने प्राण्यांवरील चाचण्या रद्द केल्या नाहीत, त्यांना पर्याय घेण्याची मुभा दिली. मुभा म्हणजे क्षमता नव्हे. ज्या पेशींवर या चाचण्या व्हायच्या, त्या कोठून येणार, कोण सांभाळणार आणि किती वर्षे सांभाळणार, हे प्रश्न नियमाच्या कक्षेबाहेरचे होते. त्यांची उत्तरे अंदाजपत्रकात आणि मंजूर पदांच्या यादीत शोधायची असतात. मथळे लिहिणाऱ्यांनी तिकडे पाहिले नाही आणि मथळ्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांनीही नाही.

वादाचा मुद्दा नेमका कळण्यासाठी आतड्याच्या अभिस्तर पेशींचे दीर्घकालीन संवर्धन हे प्रकरण मुळातून पाहावे लागते.

लहान आतड्याचे आतले अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. शरीरात इतक्या वेगाने स्वतःला नव्याने घडवणाऱ्या ऊती फार थोड्या. अस्तरातील क्रिप्ट नावाच्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी मूलपेशी असतात. त्या विभागत राहतात, त्यांची संतती वर सरकत जाते, अन्नरस शोषते आणि अखेर गळून पडते. देहात इतकी चिवट असलेली ही ऊती काचेच्या बशीत ठेवली की मात्र काही दिवसांत मरत असे. अभिस्तर पेशीला ज्या आधारपटलावर ती उभी असते त्याचा स्पर्श लागतो. तो तुटला की पेशी स्वतःच्या मृत्यूची यंत्रणा सुरू करते. शिवाय मूलपेशीला ‘तू मूलपेशीच राहा’ असे सांगणारे रासायनिक संदेश शेजारच्या पेशींकडून सतत मिळत असतात. बशीत ना आधार होता, ना शेजार.

म्हणून अनेक दशके पर्यायांवर काम भागवले गेले. १९७९ मध्ये उंदराच्या कुळातील रॅट या प्राण्याच्या आतड्यातून आयईसी-६ ही पेशीमाला मिळाली. त्याआधी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका ७२ वर्षांच्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगापासून कॅको-२ ही पेशीमाला तयार झाली होती. तोंडाने घ्यायचे औषध आतड्यातून किती शोषले जाईल याचा अंदाज आजही जगभर कॅको-२च्या थरावर बांधला जातो. म्हणजे लहान आतड्याविषयीचे अनुमान मोठ्या आतड्यातल्या एका माणसाच्या गाठीवरून. हे अनुमान पुष्कळदा उपयोगी ठरते, परंतु ते अनुमानच आहे.

२००७ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी आतड्याच्या मूलपेशींची एलजीआर-५ ही खूण निश्चित केली. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराची एकेक मूलपेशी लॅमिनिनयुक्त जेलमध्ये रुजवली, तिला ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पाँडिन ही तीन प्रथिने दिली आणि तिच्यापासून क्रिप्टसकट एक पोकळ, सूक्ष्म रचना वाढवून दाखवली. हाच आतड्याचा ऑर्गनॉइड. २०११ मध्ये मानवी आतड्यासाठीही कृती सापडली. तिला आणखी एक वृद्धिघटक प्रथिन आणि काही रासायनिक रोधके लागली. आता निरोगी मानवी पेशी महिनोन्‌महिने वाढवता येऊ लागल्या. ही कामगिरी मोठीच आहे आणि तिचे मोठेपण कमी करण्याचा येथे हेतू नाही.

हेतू आहे तो तिच्याभोवती रचल्या गेलेल्या भाबडेपणाला आव्हान देण्याचा.

पहिला भाबडेपणा नावातला. ऑर्गनॉइड म्हणजे आतडे नव्हे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, स्नायूंची लाट नाही, प्रतिकारपेशी नाहीत आणि ज्यांच्यावाचून आतडे ही कल्पनाच अपुरी, ते अब्जावधी जीवाणूही नाहीत. त्याची आतली बाजू आतच बंद असते. औषध जिथून लागायला हवे तो पृष्ठभाग फुग्याच्या पोकळीत अडकलेला असतो. खऱ्या आतड्यात गळालेल्या पेशी वाहून जातात, येथे त्या पोकळीत साचतात. म्हणून साधारण आठवड्याला ऑर्गनॉइड फोडून, तुकडे करून पुन्हा रुजवावे लागतात. या कामात हात बदलला की आकार बदलतो, आकार बदलला की मापन बदलते. मोजमापातील चूक किती, हे सांगितल्याशिवाय एखादा आकडा पुढे केला तर भौतिकशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही हरकत घेतो. ऑर्गनॉइडच्या बातम्यांत मात्र ही हरकत घेणारा सापडत नाही.

दुसरा भाबडेपणा ‘प्राणिमुक्त’ या शब्दातला. ज्या जेलमध्ये हे ऑर्गनॉइड वाढतात ते सर्रास मॅट्रिजेल असते आणि मॅट्रिजेल उंदरांच्या शरीरात वाढवलेल्या एका विशिष्ट गाठीतून काढले जाते. एका खेपेचे जेल दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. प्राण्यांना वगळल्याचा दावा करणारी पद्धत उंदराच्या गाठीवर उभी असेल, तर दावा करणाऱ्याने निदान आवाज खाली आणावा.

तिसरा भाबडेपणा सर्वांत महागात पडणारा आहे. ‘मानवी पेशी’ असे म्हटले की प्रश्न संपला, असे मानले जाते. वास्तविक तेथेच प्रश्न सुरू होतो. कोणत्या मानवाच्या?

रोटाव्हायरसचे उदाहरण घ्यावे. भारतीय बनावटीच्या रोटाव्हॅक लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, पुणे जिल्ह्यातील वढू आणि वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र अतिसारापासून मिळालेले संरक्षण निम्म्याहून थोडे अधिक, ५३.६ टक्के होते. लाखो मुलांच्या देशात हे संरक्षण अमूल्य आहे आणि २०१६ पासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली, ती योग्य कारणासाठीच. परंतु श्रीमंत देशांत तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटाव्हायरस लशी ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. परदेशी बनावटीच्या लशीही आशिया-आफ्रिकेतील गरीब वस्त्यांत आल्या की त्यांचे बळ घटते. लस तीच, मग फरक कोठे आहे? उत्तराचा एक भाग आतड्यात आहे. वारंवार होणारे जंतुसंसर्ग, कुपोषण, आतड्याच्या अस्तराची दीर्घकालीन सूज, आईच्या दुधातून मिळणारी प्रतिपिंडे, पेशींच्या पृष्ठभागावरील साखरांच्या रचनेतील आनुवंशिक भेद या सर्वांचा त्यात वाटा मानला जातो.

यांपैकी आनुवंशिक भेदाचा प्रश्न ऑर्गनॉइडवर नेमकेपणाने तपासता येतो. नोरोव्हायरसचेच पाहा. १९६८ मध्ये अमेरिकेतील नॉरवॉक गावी त्याची साथ आली आणि पुढे जवळजवळ अर्धशतक मानवी नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवता आला नाही. २०१६ मध्ये ह्यूस्टन येथे मेरी एस्टेस यांच्या गटाने तो मानवी आतड्याच्या अशाच संवर्धित पेशींत वाढवला. तेव्हा दिसले की विषाणूचा एक प्रमुख प्रकार काही दात्यांच्या पेशींत वाढतो, काहींच्यात वाढत नाही. दात्याचा जनुकीय वारसा बशीतही टिकून राहतो. म्हणजेच दाता कोण, हा तपशील नसून प्रयोगाचा गाभा आहे. परदेशातून विकत आणलेल्या पेशींवर केलेला प्रयोग परदेशातील आतड्याविषयी बोलेल. दुर्ग, गडचिरोली किंवा मेळघाटातील बालकाच्या आतड्याविषयी तो मूक राहील.

येथे भिलाईचा विषय येतो.

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून पोटापाण्यासाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना हा इतिहास तोंडपाठ असतो. त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कोक ओव्हनची बॅटरी एकदा तापवली की ती आयुष्यभर थंड होऊ द्यायची नसते. थंड झाली तर तिच्या सिलिकाच्या विटा आकुंचन पावून भेगाळतात. सण असो, संप असो, मागणी घटलेली असो, उष्णता राखावीच लागते. म्हणून तेथे पाळ्या असतात, कायम कामगार असतात, एका पिढीकडून दुसरीकडे जाणारे कसब असते. ‘तीन वर्षांसाठी भट्टी पेटवू, निकाल चांगले आले तर पुढचे पाहू’ असे म्हणणाऱ्याला भिलाईतील शाळकरी मूलही हसेल.

देशातील पेशीसंवर्धन मात्र बहुतांश याच रीतीने चालते. प्रकल्प तीन किंवा पाच वर्षांचा. त्यावर नेमलेले तरुण संशोधक आणि तंत्रज्ञ कंत्राटी. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवे पोषकद्रव्य लागते, आठवड्याला पुनर्रोपण लागते, इनक्यूबेटर ३७ अंशांवर आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांवर अखंड राखावा लागतो. गोठवलेल्या कुप्यांना उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनची भरती लागते. पेशीला आर्थिक वर्ष कळत नाही. अनुदानाचा हप्ता अडकला की वृद्धिघटकांची आयात थांबते, पाठ्यवृत्ती रखडली की कसबी हात दुसरीकडे जातात, प्रकल्प संपला की नायट्रोजनची टाकी कोणाच्या खात्यावर भरायची, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. ज्या तंत्राच्या नावातच ‘दीर्घकालीन’ आहे ते अल्पकालीन पैशावर चालवण्याचा हा अट्टहास म्हणजे विसंगतीचा कळस होय. पेशी अनेक वर्षे जगू शकतात. मरतात ते प्रकल्प, आणि जाताना पेशींनाही नेतात.

भिलाईचा उल्लेख केवळ उपमेसाठी नाही. या एका परिसरात काय काय आहे ते पाहावे. सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली आणि कुटेलाभाटा येथे स्वतःचे संकुल मिळालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या संकुलाचे राष्ट्रार्पण झाले. जवळच रायपुरात एम्स आहे. आणि कारखान्यात हवेचे घटक वेगळे करणारी यंत्रणा आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भिलाईचा प्राणवायू दूरदूरच्या राज्यांना गेला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. रुग्णालय, संशोधक, अतिशीत वायू आणि अखंड पाळीचे संस्कार इतक्या जवळ असलेली गावे देशात किती असतील? शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. या समाजांच्या आतड्यांविषयीचे जैविक ज्ञान जगाच्या पेढ्यांत शोधून सापडणे कठीण. असे असूनही जैवतंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय गप्पांत पुणे, बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली यांच्यापलीकडे नजर सहसा जात नाही.

यावर आक्षेप ठरलेला असतो: पेढी मोठ्या शहरात ठेवावी, नमुने तेथे पाठवावेत. आक्षेप वरवर व्यवहार्य आहे. परंतु दुर्बिणीच्या तपासणीत घेतलेला आतड्याचा तुकडा ताजा असतानाच थंडगार ठेवून प्रक्रियेला न्यावा लागतो. जितका उशीर, तितक्या जिवंत क्रिप्ट कमी. त्याहून महत्त्वाचे असे की तुकडा पाठवणारे गाव नेहमी पाठवणारेच राहते. कसब, श्रेय आणि निर्णय शहरात जमा होतात. लोहखनिज द्यायचे आणि पोलाद विकत घ्यायचे, ही वसाहतकाळाची रीत मोडण्यासाठीच भिलाई उभारली गेली होती. पेशींच्या बाबतीत तीच रीत देशांतर्गत पुन्हा सुरू करणे हा विनोद नव्हे, अन्याय आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा: हे श्रीमंतांचे विज्ञान आहे, भारताने ते तयार विकत घ्यावे. या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. उट्रेख्टमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना कोणते औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी एक देखणी चाचणी विकसित झाली. रुग्णाच्या गुदांत्रातून घेतलेल्या पेशींचे ऑर्गनॉइड वाढवायचे, त्यांना फॉर्स्कोलिन द्यायचे आणि ते किती फुगतात ते मोजायचे. क्लोराइडची वाहिनी काम करत असेल तर पाणी आत येऊन फुगा मोठा होतो, नसेल तर तो जेमतेम हलतो. अत्यंत दुर्मीळ उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांनाही त्यामुळे औषधाचा मार्ग दिसू लागला. हे फॉर्स्कोलिन भारतातील कोलियस कुळाच्या वनस्पतीच्या मुळांपासून १९७०च्या दशकात मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात वेगळे केले गेले होते. कॉलराचे विषही पेशीतील याच संदेशमार्गाने आतड्यातून पाणी ओतते. त्या विषाचे अस्तित्व कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये, भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षी, सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी सिद्ध केले. मूळ इथले, विष इथे ओळखले गेले, रुग्ण इथे अगणित; आणि दोन्हींना जोडणारी चाचणी परदेशातून यावी, याचे कारण बुद्धीचा अभाव नव्हे. हाती आलेली गोष्ट दशकानुदशके सांभाळणारी व्यवस्था नव्हती, हे आहे. खर्चाचेही तसेच. लागणारी तीन प्रमुख प्रथिने एकत्र स्रवणारी पेशीमाला २०१३ पासून संशोधकांना उपलब्ध आहे. तिचे पोषकद्रव्य गाळून वापरले तर आयात प्रथिनांवरील भार बराच हलका होतो. मात्र ती पेशीमालाही कोणीतरी अखंड वाढवत राहावी लागते. बाटली विकत घेण्यापेक्षा माणूस नेमणे हेच येथे स्वावलंबन.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती-संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील राजूर येथे आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. पेशी आणि कुपोषित मूल हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत, असे त्यांना वाटले नाही. आजच्या धोरणकर्त्यांना ते तसे का वाटावे?

रणदिवे जेथे शिकल्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या पेशी तिच्या संमतीविना वाढवल्या गेल्या आणि हेला पेशीमाला जन्मली. तिच्या कुटुंबाने एका बड्या कंपनीशी तडजोड केली ती २०२३ मध्ये, सात दशकांनंतर. बस्तर किंवा गडचिरोलीतील आदिवासींच्या पेशींची पेढी उभारताना हा इतिहास विसरला गेला, तर पेढी न झालेलीच बरी. संमतिपत्र इंग्रजीत आणि अंगठा निळ्या शाईत, ही संमती नव्हे. पेशी वर्षानुवर्षे जगणार, त्यांच्यापासून नफा होऊ शकतो, दाता केव्हाही नकार देऊ शकतो, हे गोंडी, छत्तीसगढी किंवा मराठीत समजावून सांगता आले पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही त्याला तो तुकडा घेण्याचा अधिकार नाही.

मागण्या अवास्तव नाहीत. पेशीपेढ्यांना प्रकल्पाच्या यादीतून काढून वेधशाळांप्रमाणे पायाभूत सुविधा मानावे आणि किमान १० वर्षांची हमी द्यावी. तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत. रुग्णालय आणि संशोधनसंस्था जवळजवळ असलेल्या मध्यम शहरांना, भिलाईपासून सुरुवात करून, पेढ्या द्याव्यात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे पेशीमाला सांभाळून देशभर पुरवण्याचा दीर्घ अनुभव आहे, त्याने नव्या केंद्रांतील माणसे तयार करावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी ऑर्गनॉइडच्या प्रमाणीकरणासाठी स्वतंत्र केंद्र जाहीर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर बाजूला ठेवले. सुरुवातीच्या चार अवयवांत आतडे आहे. तेथे ठरलेली मोजपट्टी उद्या येथे लागू होईल. त्या मोजपट्टीत भारतीय आतडे नसेल, तर तक्रार करायला जागाही उरणार नाही.

विद्यार्थ्यांनी आणि विज्ञानवाचकांनी यापुढे ‘प्रयोगशाळेत आतडे’ असा मथळा वाचला की तीन साधे प्रश्न विचारावेत. पेशी कोणाच्या आहेत आणि त्याला ते माहीत आहे का? त्या किती वेळा पुन्हा रुजवल्या आणि प्रत्येक वेळी निकाल तोच आला का? अनुदान संपल्यावर नायट्रोजनची टाकी कोण भरणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधनिबंधात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवाव्यात.